चाकाखालचं लिंबू

शाळेच्या बसला कोणाची नजर लागू नये म्हणून दर सोमवारी तिच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा शहाणपणा मी केला, आणि तोही लेकरांच्या हातून. सगळं जग लेकरांना चाकापासून लांब ठेवायला धडपडतं. मी त्यांना हाताला धरून चाकापाशी नेऊन बसवत होते, आणि वरून स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

घाबरू नका. ज्या नातवाची ही गोष्ट आहे तो आता बारावीला आहे. आरशासमोर उभा राहून अजून न उगवलेल्या मिशा कोरत असतो. मी हे लिहायला बसले तेव्हा मागून डोकावला आणि माझं नाव टाकू नको म्हणून दटावून गेला. त्याचं नाव नाही तर मग कोणाचंच नाही. तेवढंच माझंही लपतं.

आमचं गाव मोताळ्याच्या रस्त्यापासून जरा आत. रस्त्याला गाव भेटतं त्या फाट्यावर एक सिमेंटचा ओटा, एक पानटपरी आणि रस्त्याच्या पलीकडे एक मोठा कडुनिंब. तालुक्याच्या गावी, म्हणजे मोताळ्याला, इंग्रजी शाळा निघाली आणि तिची पिवळी बस आसपासच्या गावांतून फिरू लागली, तेव्हा आमचा फाटा तिचा शेवटचा थांबा होता. सकाळी ती रिकामी यायची, इथं वळायची, कडुनिंबाखाली तोंड मोताळ्याकडे करून उभी राहायची आणि आमच्या लेकरांपासून भरायला सुरुवात करायची. संध्याकाळी आमचीच लेकरं शेवटी उरायची. तेव्हाही ती तशीच वळून, त्याच झाडाखाली उभी राहून त्यांना उतरवायची.

नातवाला त्या बसमध्ये बसवायची हौस माझी. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, भाजीच्या धंद्यात बुडालेला. तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. सुनेच्या मनात नव्हतं. तिचं म्हणणं असं की गावातली शाळा घराच्या मागंच आहे, खिडकीतून हाक मारली तर ऐकू जातं, मग एवढ्याशा पोराला रस्त्यावर कशाला धाडायचं. तिला त्या मोठ्या गाडीची भीती वाटायची आणि ती भीती ती सरळ बोलून दाखवायची. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठीच्या अलीकडे होते, आणि मला कशाचीच भीती वाटत नसे. न वाटण्याचं कारण हिंमत हे नव्हतं, ते मला आता कळतं. मी तिला म्हटलं की पोराला सोडायचं आणि आणायचं माझ्याकडे लागलं, तू फक्त डबा भर. ती म्हणाली, मी पण येत जाईन फाट्यापर्यंत. मी म्हटलं, काही गरज नाही, मी काय मेली आहे का? असं बोलून मी तिच्या हातातलं पोर काढूनच घेतलं म्हणा ना. ती गप्प बसली. आमच्या घरात ती गप्प बसली की मी त्याला होकार समजायची.

आता लिंबाचं सांगते. आमच्याकडे नवी गाडी दारात आली की तिची पूजा होते, हार पडतो, नारळ फुटतो आणि चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून पुढं काढतात. लिंबू फुटलं की नजर फुटली. मुलानं भाजीसाठी पिकअप घेतली तेव्हा मीच चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. आमच्या विहिरीपाशी लिंबाचं झाड आहे आणि त्याला बारा महिने काही ना काही लागलेलं असतं, त्यामुळे माझा हात या बाबतीत फारच सैल.

बसचा पहिला दिवस सोमवार होता. मी नातवाला न्हाऊ-माखू घालून, कुंकवाची डबी आणि लिंबू घेऊन फाट्यावर गेले. बस चालवणारा माणूस चाळिशीचा असेल, उंच, बोलण्यात गरीब. मी लिंबू काढलं तसा तो हसायला लागला.

"आजी, गाडी जुनी हाये. आता काय नजर लागते तिले?"

"जुन्या बाईले बी लागते रे बाप्पा," मी म्हटलं, "गाडीचं काय घेऊन बसला."

त्याच्याबरोबर बसमध्ये एक बाई असायची, लेकरांना चढवायला-उतरवायला. तिला सगळे मावशी म्हणत. तिलाही हसू आलं. मी दरवाज्याजवळच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, बस हलली, फच्च करून आवाज झाला आणि रस उडाला. खिडक्यांमधून लेकरांनी असा काही गलका केला की मला वाटलं, मी गावाला एखादी मोठी गोष्ट करून दाखवली.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती. पण मला कोणी हसून दाद दिली की मी थांबत नाही, हा माझा जुना आजार आहे. पुढच्या सोमवारी मी परत लिंबू नेलं. त्याच्या पुढच्या सोमवारी लेकरं माझी वाटच पाहत होती. मग ती म्हणू लागली, आम्ही ठेवतो. मी म्हटलं, ठेवा. मग भांडणं होऊ लागली, तर मी पाळी लावून दिली. या सोमवारी याची, पुढच्या सोमवारी तिची. ज्याची पाळी असेल तो उकिडवा बसून चाकाला लिंबू टेकवायचा आणि बाकीची वाकून बघायची, नीट बसलं की नाही. मी कंबरेवर हात ठेवून सूचना द्यायची. अजून आत सरकव. असं नाही, तसं. सगळ्या फाट्यावर माझं नाव निंबूवाली आजी पडलं आणि ते मला इतकं आवडलं की मी घरी येऊन सुनेला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं एवढंच विचारलं की गाडी तेव्हा बंद असते ना. मी म्हटलं, असते. खरं म्हणजे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी केली, आणि ती सगळ्यांत वाईट. एकदा लिंबू चाकाखालून निसटलं आणि फुटलंच नाही. लेकरं हिरमुसली. तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलून बसले, की लिंबू फुटलं नाही तर गाडीला काहीतरी होतं बरं, पुढच्या वेळी नीट ठेवा. मी हे गमतीत म्हटलं. पण सहा वर्षांच्या पोराला आजीची गंमत कोणती आणि खरं कोणतं हे कसं कळणार? माझ्या नातवानं ते वाक्य पक्कं गाठीला बांधलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तो सोमवार. थंडी पडलेली, शेतांवर धुकं. नातवाची पाळी होती आणि तो घरून निघाल्यापासून लिंबू मुठीत धरून चालत होता. माझ्याबरोबर माझी जाऊ होती, माझ्याहून लहान आणि माझ्या दुप्पट रुंद. तिची नात त्याच बसमध्ये होती. आम्ही रस्ता ओलांडला. बसच्या अगदी नाकासमोरून ओलांडला, कारण तोच जवळचा रस्ता. ती बस जुन्या घडणीची होती, पुढं लांब नाक असलेली. त्या नाकाला हात लावत जायची लेकरांना सवय, आणि ती सवयही माझ्याच कृपेनं.

नातवानं लिंबू ठेवलं. लेकरं चढली. तो सगळ्यांत शेवटी चढला. मी त्याला टाटा केला आणि जावेकडे वळून तिला सांगू लागले की सुट्टीत माझी करंजी तिच्या करंजीपेक्षा कशी खुसखुशीत झाली होती. म्हणजे लेकरू गाडीत चढलं, माझं काम संपलं.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कडुनिंबाखाली जमिनीला थोडा उतार आहे. लिंबू घरंगळलं आणि बसच्या नाकाखाली मध्यभागी जाऊन थांबलं. नातू पायरीवर उभा होता, त्यानं ते पाहिलं. मावशी आत एका पोरीच्या दप्तराचा पट्टा सीटमध्ये अडकला होता तो सोडवत होती. सगळे चढले असं समजून तिनं आधीच पत्र्यावर दोन थापा मारल्या होत्या. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. नातू गुपचूप उतरला आणि बसच्या पुढं जाऊन उकिडवा बसला.

मी बोलता बोलता वळले ते लिंबू फुटताना बघायला. दर सोमवारी बघायची ना. वळले तर बसच्या नाकाखाली मला निळी पाण्याची बाटली दिसली. तिचा पट्टा ज्याच्या गळ्यात होता तो बसलेला होता. आणि गाडीचा आवाज बदलला.

माझा आवाज गावात प्रसिद्ध आहे. घराच्या दारातून हाक मारली तर मुलगा शेतात मान वर करतो. लग्नात, मयतीत, भांडणात, सगळीकडे माझाच आवाज वर. त्या वेळी तो आलाच नाही. तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. माझ्यातली निंबूवाली आजी, माझा दरारा, माझ्या सूचना, सगळं जागच्या जागी उभं राहिलं आणि बघत बसलं.

आतून पत्र्यावर एक थाप पडली.

मावशीनं पट्टा सोडवून लेकरांवरून नजर फिरवली होती. खिडकीजवळची एक जागा रिकामी दिसली, तिनं विचार केला नाही, सरळ थाप मारली. बस हातभर पुढं आली होती, ती थांबली. नाकाखालून माझा नातू उठला. कपाळाला बसच्या पुढची धूळ लागलेली आणि हात वर केलेला. हातात लिंबू.

"सापडलं, आजी," तो म्हणाला. "गाडीले आता काही होत नाही."

मी त्याला ओढून छातीशी धरलं की आधी एक धपाटा घातला, हे आजही मला आठवत नाही. जाऊ सांगते की दोन्ही केलं. बस चालवणारा खाली उतरला. रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि मावशीनं दिलेलं पाणी प्यायला. मग उठला, लेकरांना शाळेत पोचवायचं होतं. नातू पुन्हा चढला आणि खिडकीतून मला टाटा करत गेला. त्याच्यासाठी काहीच घडलं नव्हतं. उलट त्यानं गाडी वाचवली होती.

घरी गेले. सून शेतात होती, मुलगा भाजी घेऊन खामगावला. मी गव्हातले खडे निवडायला घेतले आणि दिवसभर तेच गहू निवडत बसले. आधी रडू आलं. मग हळूहळू राग यायला लागला, आणि राग आला तसं बरं वाटायला लागलं, कारण राग दुसऱ्यावर काढता येतो. दुपारपर्यंत मी पुरतं ठरवून टाकलं की चूक त्या गाडी चालवणाऱ्याची. एवढी मोठी काच समोर, आणि त्याला लेकरू दिसू नये? डोळे कुठं होते? माझं हे असंच असतं. माझ्या चुकीला बसायला मी नेहमी दुसऱ्याचं घर शोधते.

संध्याकाळी बस यायच्या कितीतरी आधी मी फाट्यावर जाऊन बसले. जाऊही आली, डोक्यावर मेथीच्या जुड्यांची टोपली घेऊन, टपरीवाल्याला द्यायची होती म्हणून. बस आली, वळली, कडुनिंबाखाली उभी राहिली. लेकरं उतरली. नातू धडधाकट उतरला. त्याला डोळे भरून पाहिल्यावर मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि चालवणाऱ्याला म्हटलं, तुला काचेतून काय फक्त आभाळ दिसतं का? तो काहीतरी सांगू लागला. मी ऐकून घ्यायला आले नव्हते.

"तू उतर खाली," मी म्हटलं. "मले बसू दे तेथी. मी दाखवतो तुले कसं दिसते ते."

त्यानं किल्ली काढून खिशात घातली आणि उतरला. मी पदर खोचला. एक पाय पायरीवर ठेवला तो ठेवला, दुसरा काही येईना. मावशीनं वरून ओढलं, चालवणाऱ्यानं मान फिरवून खालून हात दिला, टपरीवाला चहा गाळायचा थांबला. शेवटी मी एकदाची त्या सीटवर जाऊन पडले. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मी चाक धरून ताठ बसले आणि जावेला हुकूम सोडला की गाडीपुढं उभी राहा, अगदी चिकटून, सकाळी पोरगं होतं तिथं.

समोर सगळं दिसत होतं. रोहिणखेडकडून येणारी मोटारसायकल दिसत होती, पलीकडच्या तुरीत शिरलेली बकरी दिसत होती, टपरीवरची पाटी वाचता येत होती. मला आत विजय वाटायला लागला. फक्त जाऊ दिसत नव्हती. बसच्या नाकावर मेथीची टोपली तेवढी दिसत होती, आपणहून तरंगत असल्यासारखी.

"बाई, दिसली का मी?" ती टोपली ओरडली.

लेकरं हसून हसून लोळली. मला मात्र हसू आलं नाही. आमच्या जावेएवढी बाई गाडीच्या नाकामागं लपते, तर तिथं आणखी काय काय लपत असेल. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि नातवाला हाक मारली. म्हटलं, तू ये, जिथं बसला होता तिथंच बस. तो पळत आला, आणि गाडीच्या नाकापाशी आल्यावर दिसेनासा झाला.

रस्ता होता, झाड होतं, बकरी होती. माझा नातू नव्हता. तो आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी काचेतून तो कुठंच नव्हता. मी सीटवरून उठून मान लांब केली. तरी नाही. सकाळी त्या माणसानं हेच पाहिलं होतं. मोकळा रस्ता. खालून नातवानं विचारलं, "आजी, आता उठू?" आणि तो आवाज कुठून येतो आहे हेच मला कळेना.

माझा दिवसभर निवडून निवडून तयार केलेला राग तिथं सीटवरच सुटला. चालवणारा खालून म्हणाला की मी उंच आहे आजी, मला तुमच्यापेक्षा थोडं जास्त दिसतं, पण बसलेलं लेकरू मलाही नाही दिसत.

मग मी त्या सीटचा पहिल्यांदा नीट उपयोग केला. नातवाला म्हटलं, तोंड माझ्याकडे कर आणि एकेक पाऊल मागं जा. आधी त्याचे केस उगवले. मग कपाळ, त्यावर सकाळची पुसट धूळ अजून होती. मग बटणं. मी म्हटलं, अजून मागं. त्याला वाटलं खेळ आहे, तो पाय ओढत ओढत जात राहिला. शेवटी मला त्याच्या चपला दिसल्या, दोन्ही, उलट्या पायांत घातलेल्या. शाळेत दिवसभर तसाच हिंडला असणार. मी म्हटलं, थांब, तिथंच थांब, हलू नको.

जावेच्या घरी भिंती पांढऱ्या करून उरलेला चुना होता. ती स्वतः जाऊन घमेल्यात कालवून घेऊन आली. नातवाच्या चपलांपुढं तिनं वाकून रस्त्याच्या कडेपर्यंत जाड रेघ ओढली, वाकताना मला चार शब्द ऐकवत, की वर बसून राणी झाली आणि चुना माझ्या हातात. चालवणारा म्हणाला की आजी, तुम्ही बुटक्या, म्हणून रेघ जरा जास्तच लांब गेली. मग स्वतःच म्हणाला की लांब आहे तेच बरं. उंचीवरून माझं कौतुक होण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

तिथंच ठरलं. रेघेच्या अलीकडून कोणी बसपुढून जायचं नाही. रेघेवर उभं राहून आधी चालवणाऱ्याचं तोंड बघायचं, त्यानं हात वर केला की आपण हात वर करायचा, मगच ओलांडायचं. काही पडलं, चेंडू, बाटली, सोन्याचा तुकडा, तरी गाडीपाशी वाकायचं नाही, मावशीला सांगायचं. आणि मावशी म्हणाली की मी आता आधी सगळी डोकी मोजीन, मग थाप मारीन. लेकरांनी लगेच विचारलं, आणि निंबू? मी म्हटलं, निंबू आता फक्त वरणात. ती जरा नाराज झाली. पण हात वर करायचा खेळ त्यांना दुसऱ्याच दिवसापासून आवडला, कारण एवढी मोठी गाडी चालवणारा माणूस त्यांना हात करतो आणि त्यांच्यासाठी थांबून राहतो, हे लिंबू फुटण्यापेक्षा मोठं होतं.

ती बस गेली, आता दुसरी येते, चालवणाराही दुसरा आहे. रेघ मात्र दरवर्षी दिवाळीनंतर कोणी ना कोणी ओढतं. माझा मिशावाला सुट्टीत असला की धाकट्या बहिणीला सोडायला जातो आणि रेघेच्या मागं तिची वेणी धरून उभा राहतो. ती ओरडते. तो सोडत नाही. मी लांबून बघते आणि मला फार बरं वाटतं.

पण त्या संध्याकाळी मला घरी जायचं होतं, आणि घरी सून होती.

फाट्यापासून घरापर्यंत नातू उड्या मारत चालला होता आणि मी मनात एक वाक्य तयार करत होते. बाळा, सकाळचं आईला सांगू नको हं. वाक्य तोंडापर्यंत आलं. त्यानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं, आजी आता काय सांगते म्हणून, त्याच विश्वासानं ज्यानं तो लिंबू उचलायला गेला होता. मी वाक्य गिळलं. माझं एक वाक्य त्यानं मानलं होतं, तेवढं पुरे होतं.

सून अंगणात उद्याच्या बाजारासाठी मिरच्या निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. लिंबाची पाळी, न फुटलेल्या लिंबाचं मी काय म्हटलं होतं ते, करंजी, निळी बाटली, माझा न निघालेला आवाज. सांगताना मी एकदाही विनोद केला नाही, यावरून माझी काय अवस्था झाली होती ते समजा. तिचे हात मिरच्यांत थांबले. ती उठली, हात धुतले, दोनदा धुतले, म्हणजे तिखट लागू नये, आणि पोराकडे गेली. तो मातीत गाडी-गाडी खेळत होता. तिनं त्याला उचललं, एवढा मोठा झाला होता तरी उचललं, आणि त्याच्या डोक्यात नाक खुपसून उभी राहिली. तो सुटायला धडपडत होता.

माझ्याशी ती त्या संध्याकाळी बोलली नाही. जेवायला वाढलं, माझ्या ताटात भाकरीवर ठेचाही ठेवला, रोजच्यासारखा. तरी मला वाटलं, संपलं. हिनं पोर परत घेतलं, आणि बरोबरच केलं. माझं तोंडच नव्हतं मागायला. उद्यापासून मी घरी, आणि ती फाट्यावर. असंही मनात आलं की कदाचित बसच बंद करेल, गावातल्या शाळेत घालेल. तेही तिचं म्हणणं पहिल्यापासून बरोबरच होतं.

सकाळी उठले ती चोरासारखी. रोज मी दारातच चपला घालून, पोराला घाई करत उभी असायची. त्या दिवशी चुलीपाशी कोपऱ्यात बसून राहिले, शेकत असल्याचं सोंग घेऊन. सुनेनं डबा भरला. पोराचे केस विंचरले. चपला बरोबर पायांत घातल्या, दोन्ही दाबून पाहिल्या. मग दप्तर उचललं आणि मला वाटलं आता ती पदर डोक्यावर घेऊन निघणार. दारामागच्या फळीवर माझा लिंबांचा डबा असायचा. तिथं ती थांबली, डब्याकडे पाहिलं, मागं वळून माझ्यापर्यंत आली आणि ते दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं.

मी वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"निंबू डब्यातच राहू द्या, मले लोणच्याले लागतात," ती म्हणाली. "पण पोराले सोडाले तुमीच जा, आई. आता तुमच्याएवढं भेलेलं माणूस या घरात दुसरं कोणी नाही."